मेंढपाळ आणि कळप : आदर कोणी कोणाचा करावा?

दसरा झाला की गंगाखेड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील गावांत ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, एखादी शेळी आणि शाळेतून काढलेली लेकरे यांसह गाडीत चढतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात खोपी घालून संसार मांडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ असे म्हणतात. गाळपाचा हंगाम आटोपून हे कोयते गावी परतेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. मराठवाड्यातून प्रतिवर्षी जाणाऱ्या या टोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार आणि प्रायश्चित्तकाळाचे बहुतेक दिवस त्यांच्यासाठी उसाच्या फडातच उगवतात व मावळतात.

धर्मगुरू गावाकडे राहतात आणि कळप परगावी जातो. पवित्र शास्त्रातील मेंढपाळाचा दृष्टान्त आपण पुष्कळ वेळा ऐकलेला असतो. त्यात हरवलेले मेंढरू एक असते आणि नव्याण्णव जागेवर असतात. आपल्याकडे कित्येक वस्त्यांवर हे प्रमाण उलटे होते. अशा प्रदेशात धर्मगुरू व धर्मग्रामस्थ यांच्यामधील जिव्हाळा आणि आदर म्हणजे नेमके काय, तो कशावर टिकतो व कशाने तुटतो, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

सर्वसाधारण समजूत अशी की, आदर हा खालून वर जातो आणि माया वरून खाली येते. लोकांनी फादरांचा मान राखावा, फादरांनी लोकांवर माया करावी, की झाले! ही वाटणी ऐकावयास सोयीची आहे. परंतु ती शास्त्राला धरून नाही. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस जे पहिले पत्र लिहिले, ते नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक मानले जाते. त्याच्या पाचव्या अध्यायात (ओव्या १२ व १३) तो भाविकांना विनवितो की, जे तुमच्यामध्ये कष्ट करतात, प्रभूमध्ये तुमचे पुढारीपण करतात व तुम्हांला बोध करतात, त्यांची जाण ठेवा आणि त्यांच्या कामाबद्दल त्यांना प्रीतीने अत्यंत मान द्या. येथे मान आणि प्रीती एकाच वाक्यात आली आहेत, आणि मान कशासाठी, तर ‘कामाबद्दल’. झग्यासाठी नव्हे, पदवीसाठीही नव्हे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल स्वतःला लेकरांचे लालनपालन करणाऱ्या आईची उपमा देतो, पुढे बापाची देतो, आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस हाताने श्रम केल्याची आठवण करून देतो. स्वतःच्या अन्नाचा भार लोकांवर टाकताना जो दहा वेळा विचार करतो, तो त्या लोकांवर केवळ माया करीत नाही. तो त्यांचा आदर करतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, दोन्ही बाजूंनी दोन्ही गोष्टी देणे लागते. मराठवाड्यातील आमच्या लोकांनी धर्मगुरूंना मान देण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. उणीव असलीच तर ती अन्यत्र आहे. धर्मगुरूंकडून लोकांना मिळावयाचा आदर पुष्कळदा कमी पडतो. आणि लोकांकडून धर्मगुरूंना मिळावयाचा जिव्हाळा, म्हणजे ज्यात खरे बोलण्याचे धैर्य असते असा जिव्हाळा, तोही कमी पडतो.

जनाबाईंच्या गावात

गंगाखेड गोदावरीच्या काठी वसले आहे. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात आणि संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून त्याला सारा महाराष्ट्र ओळखतो. जनाबाई दासी म्हणून नामदेवांच्या घरी वाढल्या. दळणकांडण करीत जगल्या. त्यांच्या अभंगांचे वैशिष्ट्य मराठी वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या देवाशी त्या ‘अरे-तुरे’ बोलतात, रुसतात, प्रसंगी रागेही भरतात. आणि यामुळे त्यांची भक्ती तिळमात्र उणी होत नाही. किंबहुना, ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावर आपले खरोखर प्रेम आहे की केवळ धाक आहे, हे कळावे तरी कसे?

त्यांची श्रद्धा व आमची श्रद्धा यांत जो भेद आहे, तो आम्ही जाणतो. येथे मुद्दा भाषेचा आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. आई ‘तू’ असते, वडील बहुधा ‘तुम्ही’ असतात, साहेब ‘आपण’ असतो. आमच्या वस्त्यांवरील एखादी वृद्ध माउली नव्याने दीक्षित झालेल्या तरुण फादरांना वेदीपाशी ‘फादर, तुम्ही’ म्हणते आणि तेच फादर चुलीपाशी जेवावयास बसले की ‘बाळा, अजून एक भाकर घे’ म्हणते. या दोन हाका एकाच तोंडातून निघतात आणि एकमेकींना खोडत नाहीत. आपल्या नात्यातील सारे मर्म तिच्या त्या सहज बदलात आहे, असे आम्हांस वाटते. ज्या फादरांना केवळ ‘आपण’ ऐकू येते, त्यांनी आपल्यात व लोकांत किती अंतर पडले आहे याचा शोध अवश्य घ्यावा.

ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते

लोकांचे ऐकले म्हणून ख्रिस्तसभेस काय लाभले, याचे एक थोर उदाहरण खुद्द मराठी भाषेतच आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांनी पुढील आयुष्य मुख्यत्वे सासष्टीत वेचले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी का रचिला, याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच आले आहे. नवख्रिस्ती भाविकांपैकी एकाने पाद्रींपुढे गाऱ्हाणे मांडले की, आमची पूर्वीची पुराणे तर आमच्याकडून गेली. मग त्यांच्या ठायी आम्ही वाचावे, ऐकावे असे आमच्या भाषेत काही नको काय?

त्या काळाचा विचार करा. राज्य पोर्तुगीजांचे होते. पाद्रींच्या पाठीशी सत्ता उभी होती. प्रश्न विचारणारा नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक स्थानिक मनुष्य होता. अशा वेळी त्यास गप्प बसविणे सर्वांत सोपे होते. ‘शिकवितो तेवढे शिका’ असे सांगून विषय मिटला असता. फादर स्टीफन्स यांनी ते गाऱ्हाणे रास्त मानले, लोकांची भाषा, लोकांचा छंद व लोकांची कथनरीती आत्मसात केली आणि त्यांच्यासाठी लिहिले. कळपाने मागितले, मेंढपाळाने ऐकले, आणि मराठीस तिच्या अभिजात ग्रंथांपैकी एक मिळाला. फादर स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. परंतु त्यांच्या ओव्या पुढे कित्येक पिढ्या कोकणपट्टीतील ख्रिस्ती मंडळींच्या कानांवर पडत राहिल्या.

सतराव्या शतकातील गोव्याहून आपण आपल्या मराठवाड्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दी सालस यांच्या संघाचे मिशनरी या निजामी मुलखात आले. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे एक मूळ ठाणे होय. तेथे सेवा केलेले फ्रेंच धर्मगुरू फादर गुरियन जाकिए यांना लोक ‘गुरियनबाबा’ म्हणत, आणि आजही घोगरगावात हेच नाव चालते. परक्या देशातून आलेल्या माणसाचे आडनाव गळून पडावे आणि त्याच्या नावामागे ‘बाबा’ लागावे, यापेक्षा मोठी पदवी मराठवाड्याच्या खेड्यात कोणास मिळत नाही. ती कोणत्याही कार्यालयातून दिली जात नाही. पुढे १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला, त्या वेळी त्याच्या पायाशी असे कित्येक ‘बाबा’ होते.

तथापि ‘बाबा’ या शब्दाची एक दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगणे आम्हांस प्राप्त आहे. दुष्काळाच्या व रोगराईच्या काळात मिशनने लोकांना धान्य दिले, औषध दिले, मुलांना बोर्डिंगमध्ये ठेवून घेतले. ते देणे खऱ्या दयेचे होते. त्यातून जीव वाचले आणि पिढ्या शिकल्या. मात्र देणारा कायम देणाराच राहिला व घेणारा कायम घेणारा, तर नाते हळूहळू वाकडे होते. आमच्या लोकांना उचल म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. उचल घेतली की माणूस बांधला गेला! मुकादमाचे आधी घेतलेले पैसे फिटेपर्यंत तोंड उघडता येत नाही. धर्मगुरूने केलेली मदत जर भाविकाच्या मनात अशीच उचल होऊन बसली, तर तो मान देईल, हात जोडील, पुढच्या बाकावर बसेल. पण आपल्या मनातले कधीही बोलणार नाही. असा मान धर्मगुरूने आदर समजून स्वीकारू नये.

या बाबतीत फादर हर्मन बाखर यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांत आयुष्य घातले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे ते प्रवर्तक, आणि १९९३ साली स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या पाणलोट संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. या कार्यक्रमात गावाला काम हवे असेल तर गावाने आधी श्रमदान करावयाचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावयाची, आणि आपली समिती आपणच निवडून हिशेब सांभाळावयाचा, अशा अटी होत्या. गावाचे एकमत नसेल तर काम नाही. आपल्या मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील कडवंची गावी याच कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते.

ही गावे काही ख्रिस्ती धर्मग्रामे नव्हती; बहुसंख्य लोक अन्य धर्मांचे होते. तरीही आमच्या विषयास ती लागू पडतात, कारण तेथे माया आणि आदर यांतील फरक उघड दिसतो. केवळ माया असती तर फादरांनी बंधारा बांधून दिला असता. त्यांनी अट घातली, याचा अर्थ असा की समोरचा मनुष्य अट पाळू शकतो, यावर त्यांचा विश्वास होता. भिकाऱ्याला कोणी अट घालीत नाही. फादर बाखर २०२१ साली मायदेशी देवाघरी गेले, तेव्हा नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी ‘बाखरबाबा’ म्हणूनच त्यांची आठवण काढली.

धर्मगुरूंनी लोकांना द्यावयाचा आदर

ख्रिस्तसभेचे नियम या बाबतीत आपण समजतो त्याहून स्पष्ट आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या प्रमुख दस्तऐवजात सांगून ठेवले आहे की, प्रापंचिकांना आपल्या गरजा व मते धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क आहे, प्रसंगी ते कर्तव्यच आहे. आणि धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा सल्ला स्वखुशीने घ्यावा. १९८३ च्या कॅनन कायद्यात हीच गोष्ट कलम २१२ मध्ये आली आहे. कलम ५२९ प्रमाणे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंता व दुःखे वाटून घ्यावीत, आणि गरीब, पीडित, एकाकी व आपल्या भूमीपासून दुरावलेल्यांची विशेष आस्थेने काळजी घ्यावी. आपली भूमी सोडून उसाच्या फडात सहा महिने काढणाऱ्या कोयत्यांना हे कलम लागू होत नाही, असे कोण म्हणेल?

कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. ती ऐच्छिक नाही. भाविकांनी जे अर्पण केले, त्याचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. येथे काही धर्मगुरुबंधू म्हणतात, ‘लोक कधी हिशेब विचारीतच नाहीत.’ विचारीत नाहीत हे खरे. पण ज्या बाईने दिवसभर खुरपून मिळालेल्या मजुरीतून दहा रुपये दानपात्रात टाकले, तिला तो हिशेब न विचारता मिळावा, यातच आदर आहे. वर्षातून एकदा फळ्यावर खडूने जमाखर्च लिहून मंदिराच्या दारात ठेवावयास कोणताही खर्च येत नाही.

(प्रवचनाबद्दलही एक शब्द. परमगुरू फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये एका जाहीर दर्शनसभेत प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये असे सांगितले होते. आठ मैल चालून मिस्सेला आलेल्या माणसाच्या वेळेचा मान राखणे, हाही आदरच. आमचे काही वाचक हे वाक्य कापून आपल्या फादरांना दाखवितील, याची आम्हांस कल्पना आहे.)

याहून अवघड एक गोष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. या प्रश्नाच्या विचारासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. परिणाम असा की, आमच्या कित्येक कुटुंबांत आजोबांचा बाप्तिस्मा झालेला असतो, घरात क्रूस असतो, आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र निराळेच काही लिहिलेले असते. कारण त्या एका ओळीवर शिष्यवृत्ती, वसतिगृह व नोकरी अवलंबून असते.

असा मनुष्य मिस्सेला येतो तेव्हा मागे उभा राहतो. त्याच्या मनात भीती असते आणि लाजही असते. वेदीवरून त्याला उद्देशून ‘ख्रिस्ताला लपविणारे’ असे शब्द उच्चारणे सोपे आहे, विशेषतः ज्याच्या स्वतःच्या अन्नाची, छपराची व औषधाची सोय धर्मप्रांताने केलेली आहे, त्याला. सत्य सांगूच नये असे आम्ही म्हणत नाही. कागदावर एक व मनात एक हे ओझे त्या माणसाला आमच्यापेक्षा अधिक जड वाटते. म्हणून प्रथम त्याच्या ओसरीवर बसावे, त्याची हकिगत ऐकावी, आणि मगच काय बोलावयाचे ते बोलावे. भारतातील कॅथोलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद शिल्लक असल्याचे मान्य केले होते. असे मान्य करण्यास धैर्य लागते. ते धैर्य प्रत्येक धर्मग्रामात, बाकांच्या रांगेत आणि दफनभूमीत उतरले पाहिजे.

लोकांनी धर्मगुरूंना द्यावयाचा जिव्हाळा

आता दुसरी बाजू. आमचे लोक फादरांना हार घालतात, पाय धुतात, वाढदिवस साजरा करतात. पण फादरांशी मतभेद झाला तर काय करतात? पुष्कळदा दोनच गोष्टी घडतात. एक तर मिस्सेला येणे बंद होते, किंवा बिशप महाशयांना निनावी पत्र जाते. निनावी पत्रात तक्रार खरी असली तरी तीत जिव्हाळा नसतो. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याशी बोलणे व्हावे कसे? त्यापेक्षा दोन वडीलधाऱ्यांनी मिस्सेनंतर थांबून, चहा घेता घेता, ‘फादर, परवाचे तुमचे बोलणे आमच्या पोराच्या फार जिव्हारी लागले,’ असे सांगावे. हे बोलणे ऐकून घेणारे फादर अधिक आहेत, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. न ऐकणारेही आहेत. त्यांच्यासाठी सहीनिशी लिहिलेले पत्र हा मार्ग खुला आहे.

धर्मगुरू हा एकटा राहणारा मनुष्य आहे, याचा आपणास विसर पडतो. मराठवाड्यातील कित्येक ठाण्यांवर एकच धर्मगुरू असतात. शेजारचे धर्मगुरुबंधू पन्नास-साठ किलोमीटरांवर राहतात. आपला धर्मप्रांत सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर पसरलेला आहे. रविवारी तीन गावी मिस्सा, सोमवारी तहसील कचेरी, मंगळवारी अंत्यविधी; आणि रात्री खोलीवर परतल्यावर सकाळची गार भाजी. ‘फादर, जेवलात का?’ हा प्रश्न आमच्या घराघरांतून विचारला जातो, ही देवाची कृपा आहे. त्याच्या जोडीला ‘फादर, बरे आहात ना?’ असाही प्रश्न विचारावा, आणि उत्तराची वाट पाहावी.

बदलीचा प्रसंगही असाच. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतो. तो आपला हिशेब देतो, आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही असे सांगतो, सर्वांबरोबर गुडघे टेकतो. आणि ती मंडळी त्याच्या गळ्यात पडून रडतात, कारण पुन्हा त्याचे तोंड दिसणार नाही. मग ते त्याला तारवापर्यंत पोहोचवितात. त्याला ठेवून घेण्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही, आणि नव्याने येणाऱ्याला ‘आमचे पहिले फादर असे नव्हते’ असे कोणी ऐकवीत नाही. जे रडले, त्यांनीच त्याला जाऊ दिले.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. जिव्हाळा व आदर यांच्या नावाखाली अपराध झाकता येत नाही. एखाद्या बालकाला अथवा दुर्बल व्यक्तीला कोणी इजा केली, मग तो कोणत्याही पदावर असो, तर गप्प बसणे हा मान नव्हे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, म्हणजे पॉक्सोप्रमाणे, अशी माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यावरही वरिष्ठांना कळविण्याची सक्ती केली. ‘फादरांचे नाव खराब होईल’ असे म्हणून आईने मुलीला गप्प केले, तर ती फादरांचा आदर करीत नाही. ती मुलीला एकटी सोडते. आणि जो मेंढपाळ प्रामाणिक आहे, त्याला अशा मौनाची गरजही नसते.

‘तुमच्यासाठी’ आणि ‘तुमच्याबरोबर’

पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशप असलेल्या संत ऑगस्टीन यांनी आपल्या दीक्षेच्या वर्धापनदिनी लोकांना एक गोष्ट सांगितली होती. तिचा आशय असा की, मी तुमच्यासाठी बिशप आहे ही जबाबदारी मला भिवविते, पण मी तुमच्याबरोबर ख्रिस्ती आहे हे मला धीर देते. ८ मे २०२५ रोजी परमगुरू म्हणून निवडून आलेले लिओ चौदावे हे ऑगस्टीनच्या संघातील आहेत. संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जातून जगाला प्रथमच दर्शन देताना त्यांनी याच विचाराची आठवण केली. २०२१ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत चाललेल्या सिनडचा, म्हणजे एकत्र वाटचालीच्या प्रक्रियेचा, गाभाही हाच होता. आपल्याकडे त्या निमित्ताने प्रश्नावल्या वाटल्या गेल्या आणि सभाही झाल्या. त्या प्रश्नावल्यांना ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांकडून किती उत्तरे मिळाली असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा. पत्रके वाटणाराला घराला कुलूप दिसले असेल.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. टोळी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आसपासच, कोण कोणत्या कारखान्यावर जाणार याची यादी धर्मग्रामात असावी. त्या कारखान्याजवळ जे धर्मग्राम असेल, तेथील धर्मगुरूंना आपल्या धर्मगुरूंनी दूरध्वनी करावा. नाताळात एक दिवस आपल्या फादरांना फडावर जाता आले तर त्याहून मोठे प्रवचन नाही. खोपीसमोर, उसाच्या पाचटावर चटई अंथरून मिस्सा होऊ शकते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि मुलांकडे धर्मग्राम परिषदेने आळीपाळीने लक्ष द्यावे. आणि कोयते परत आले की, पहिल्या रविवारी त्यांना कसे होते ते विचारावे. गैरहजेरीचा जाब विचारू नये.

पवित्र सप्ताहाच्या सुमारास महामंदिरात बिशप महाशय सर्व धर्मगुरूंसमवेत तेलांच्या आशीर्वादाची मिस्सा अर्पितात. आजाऱ्यांचे तेल, दीक्षार्थींचे तेल आणि सुगंधी अभ्यंगतेल त्या दिवशी सिद्ध होते. त्याच विधीत सारे धर्मगुरू लोकांसमोर आपली वचने पुन्हा देतात. त्यानंतर बिशप महाशय लोकांकडे वळून, या धर्मगुरूंसाठी प्रार्थना करा आणि माझ्यासाठीही करा, अशी विनंती करतात. वर्षभर जे आशीर्वाद देतात, ते त्या दिवशी लोकांकडे मागतात. गंगाखेडहून छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरांहून दूर आहे, म्हणून आमच्या बहुतेक भाविकांनी हा विधी कधी पाहिलेला नाही. तेलाच्या तीन लहान बाटल्या फादरांच्या पिशवीतून परत येतात, एवढेच त्यांना ठाऊक असते. यापुढे प्रत्येक ठाण्यावरून फादरांबरोबर दोघांना तरी या मिस्सेला न्यावे, आणि त्यांत फडावरून परतलेला एक कोयता असावा, अशी आमची सूचना आहे. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद अर्थसमितीने आतापासूनच करून ठेवावी.